बंद मोबाईल द्या, टब घ्या

आमच्या गल्लीत अधूनमधून एक मोटरसायकलवाला येतो. मागे दोन्ही बाजूंना टब, बादल्या, घमेली, सुपं असं सगळं प्लॅस्टिक दोरीनं आवळलेलं, आणि हँडलला अडकवलेल्या भोंग्यातून रेकॉर्ड केलेला आवाज: ‘जुने मोबाईल, बंद मोबाईल, फुटलेले मोबाईल द्या, टब घ्या, बादली घ्या.’ रेकॉर्डिंगच्या शेवटी कुणीतरी खाकरलंय, ते दर खेपेला तसंच ऐकू येतं. मागच्या उन्हाळ्यात भर दुपारी तो आमच्या फाटकाशी थांबला. मी गच्चीवर कुरडया उलटत होते. शेजारच्या काकू रुमालात गुंडाळलेला फोन घेऊन खाली आल्या. त्यानं फोन उलटापालटा केला, फुगलेल्या पाठीवर अंगठा दाबून पाहिला, ‘चार्जर नाही का मावशी?’ असं उगीच विचारलं आणि एक निळा टब सोडवून दिला. काकूंनी टब उपडा करून बुडाला टिचकी मारली. तोवर फोन गोणीत गेलेला. काकू टब घेऊन आत आल्या, दोन पायऱ्या चढल्या, आणि वळून परत गेल्या. ‘ए, थांब जरा. दे तो मोबाईल.’ त्याला वाटलं मावशींना मोठा टब पाहिजे, म्हणून त्यानं लालवाल्याला हात घातला. काकूंनी निळा टब त्याच्यापुढे ठेवला, स्वतःच गोणीत हात घालून फोन बाहेर काढला, आणि वर बघितलं तर मी. ‘चालत नाही गं तो,’ त्या म्हणाल्या. ‘असू दे पण.’

एवढंच झालं.

पण कुरडया उलटून झाल्या तरी ते ‘असू दे पण’ माझ्या डोक्यातून जाईना. कारण काकू वस्तूंमध्ये जीव अडकवणाऱ्या नाहीत. शिवणयंत्र त्यांनी एका मुलीला देऊन टाकलं, माहेरचं तांब्याचं घंगाळ मोडीत घालून कुकर आणला. फोटोंचं म्हणावं तर तेही नाही. नवा फोन घेतला तेव्हा मुलानं जुन्यातलं सगळं, नंबर, फोटो, नातवाचे व्हिडिओ, नव्यात घालून दिलेलं. ज्याचा आवाज त्या फोनमध्ये जपून ठेवावा असं कुणी गेलेलंही नाही. काका आतल्या खोलीत पेपर वाचत होते आणि संध्याकाळी मला म्हणाले, ‘चांगला टब होता, हिनं घालवला.’ मग उरतं काय? पाठ फुगलेला, काच तडकलेला, सुरूच न होणारा एक तुकडा.

फोनच्या व्यसनावर आपण सगळेच येताजाता बोलतो, आणि बोलतोही फोनवरच. जेवताना फोन, झोपताना फोन, खिशात फोन नसतानाही मांडीला थरथरल्यासारखं वाटणं. या शेवटच्या प्रकारावर अमेरिकेत 2012 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या कॉलेजच्या मुलांपैकी 89 टक्के मुलांनी असा भास होतो म्हणून सांगितलं. ते सगळं खरं असेल. पण काकूंचा फोन थरथरत नव्हता, त्यात रील नव्हती, त्याला नेटवर्क नव्हतं. व्यसन म्हणावं तर त्यात नशाच उरलेली नव्हती. तरी त्यांनी भर उन्हात गोणीत हात घातला.

आमच्या माहेरी फोन आला तो ऐंशीच्या दशकाच्या शेवटी, आणि तो हॉलमध्ये बसला. टीव्हीशेजारी, क्रोशाच्या रुमालाखाली. डायलच्या भोकात एक चिमुकलं कुलूप, त्याची किल्ली वडिलांच्या शर्टाच्या खिशात. माझा भाऊ ते कुलूप न काढता फोन लावायचा. रिसीव्हर उचलून हुकवर पाच वेळा टकटक केलं की पाच, सात वेळा केलं की सात. लय चुकली की भलत्याच घरी लागायचा. बिल आलं की पकडला जायचा. फोन कुणाचाही येवो, घंटा वाजली की घरातल्या चार तोंडांतून एकदम ‘कुणाचाय?’ निघायचं. मैत्रिणीचा असेल तर मी ‘हो’, ‘नाही’ आणि ‘बघू’ या तीन शब्दांत अख्खं संभाषण उरकायची, कारण समोर आई शेंगा फोडत बसलेली, वडील बातम्यांचा आवाज कमी करून थांबलेले. शिवाय आमचा नंबर आणखी दोन घरांचा पी.पी. नंबर होता, त्यांचे फोन आमच्याकडेच यायचे, म्हणजे त्यांच्याकडचं बाळंतपण आणि भांडणही आमच्याच हॉलमध्ये. पत्रांचंही तेच. इनलँड कुणाच्या नावावर आलंय याला अर्थ नव्हता. ज्याच्या हाताला लागेल तो फोडायचा आणि मोठ्यानं वाचायचा. रेडिओ घराचा, पेपर घराचा, टीव्ही घराचा, कपाट घराचं. सासरी आले तर किल्ल्यांचा जुडगा सासूबाईंच्या कमरेला. माझं म्हणून एक कुलूप माझ्या आयुष्यात कधी नव्हतं, आणि नाही म्हणून मला कधी खटकलंही नव्हतं.

मग 2004 च्या आसपास माझ्याकडे नोकिया 1100 आला. टॉर्चवाला. लोक त्याच्या मजबूतपणाच्या गोष्टी सांगतात, मला आठवतं ते पडद्यावरचं लुकलुकणारं पाकीट. इनबॉक्स भरला की ते पाकीट लुकलुकायला लागायचं; जुना मेसेज उडवल्याशिवाय नवा आत यायचा नाही. कुणाचा उडवायचा? नणंदेचा ‘पोचलो’ हा पहिला जायचा. एका मैत्रिणीचे दोन मेसेज मी कितीतरी महिने जपले, त्यात विशेष काहीच नव्हतं. रोमन लिपीत 160 अक्षरं बसायची आणि देवनागरीत 70, म्हणून आमची सगळी गुपितं रोमन मराठीत. कुठे ‘आ’ आणि कुठे ‘अ’ हे अंदाजानं घ्यायचं. पण ते मेसेज कुणी मोठ्यानं वाचणार नव्हतं. बसमध्ये उभ्यानं, अंगठ्यानं खाली खाली जात मी ते वाचायची आणि फोन पर्समध्ये टाकायची. आजूबाजूला पंचवीस माणसं असून कुणीही ‘कुणाचाय?’ विचारलं नाही, याचं मला किती वेळ नवल वाटत राहिलं.

काकूंपर्यंत हे पोचायला आणखी बारा-तेरा वर्षं लागली. 2016 च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, आणि पुढच्या वर्षी काकूंनी भिशीच्या पैशातून फोन घेतला. हे ‘भिशीच्या पैशातून’ महत्त्वाचं आहे. तोवर त्यांच्याकडे असायचा तो काकांनी टाकलेला नाहीतर मुलानं बदललेला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 49 वर्षांच्या बायकांबद्दल एक आकडा असतो: स्वतः वापरतात असा मोबाईल असलेल्या किती. 2015-16 ला तो 46 टक्के होता, 2019-21 ला 54. नुसतं ‘घरात मोबाईल आहे का’ विचारून भागत नाही, हे सर्वेक्षणवाल्यांना बरोबर कळलेलं आहे. काकू या वयोगटाच्या केव्हाच बाहेर गेलेल्या, त्यामुळे त्या त्यात मोजल्याही गेल्या नसतील. पण त्या फोनचं खोकं त्यांनी अजून देवघराखालच्या फडताळात ठेवलंय. त्यात आता वाती असतात.

लॉक कसं लावायचं ते त्यांना मीच दाखवलं होतं. नऊ ठिपके, त्यातून रेघ. अशा नक्ष्या तीन लाख एकोणनव्वद हजारांहून जास्त होऊ शकतात, पण माणसं बहुतेकदा आपल्या नावाचं इंग्रजी अक्षर काढतात. काकूंनी काय काढलं ते मी पाहिलं नाही, त्यांनी फोन छातीशी धरून काढलं. अर्थात लपवून उपयोग फारसा नव्हता. हात सदा तेला-तुपाचे. फोन उजेडात तिरका धरला की काचेवर वळणासकट अख्खी रेघ चमकायची. पेनसिल्व्हेनियातल्या संशोधकांनी 2010 साली हाच प्रयोग केला होता, काचेवरच्या बोटांच्या चिकट खुणांचे फोटो काढून लॉक ओळखायचा. बऱ्याच वेळा ओळखताही आलं. आमच्या गल्लीत एवढा उपद्व्याप करणारं कुणी नव्हतं. काका तर फोन उलटा धरून बोलणारे. तरी काकू फोन ठेवताना पदरानं एकदा काच पुसायच्याच.

त्या फोनवर त्या करत काय होत्या? काही नाही. सकाळी अभंग लावायचा आणि डब्याला टेकवून ठेवायचा, पोळ्या होईपर्यंत. दहावीच्या वर्गातल्या बायकांचा एक ग्रुप होता, त्यात शाळेतल्या बाईंची नक्कल करणारे व्हॉइस मेसेज यायचे. ते ऐकायला काकू मागच्या दारी, धुण्याच्या दगडापाशी जायच्या. वय झालं की बोटांची टोकं कोरडी पडतात आणि पडदा दाद देत नाही, कारण काचेखालच्या विजेला ओलसर कातडी लागते. काकू जिभेला बोट लावून पान उलटायच्या, तसंच बोट ओलं करून व्हॉट्सअॅप उघडायच्या. मला हसू यायचं. पण उघडायचं बरं. आणि गाऊन घ्यायला गेलं की दुकानदाराला पहिला प्रश्न, ‘मोबाईलचा खिसा आहे का?’ पूर्वी गाऊनला खिसा कुठे असायचा? बायकांच्या कपड्यांना खिसा नसणं इतकं सवयीचं होतं की फोन आल्यावरच ते दुकानदारांच्या लक्षात आलं.

तो टबवाला फोनच्या बदल्यात टब का देतो, हे मी मागाहून शोधलं. आतल्या बोर्डावर कणभर सोनं असतं. हे बोर्ड किलोवर विकले जातात आणि फिरत फिरत दिल्लीच्या सीलमपूर किंवा उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादसारख्या ठिकाणी पोचतात. टोकियो ऑलिंपिकची सुमारे 5000 पदकं जपानी लोकांनी दिलेल्या जुन्या उपकरणांतून बनली, त्यात 62 लाख मोबाईल होते आणि निघालेलं सोनं 32 किलो. त्याच जपानात एक मोबाईल कंपनी 2016 पासून आणखी एक उद्योग करते: लोक आपले जुने, घडीचे, बंद पडलेले फोन घेऊन येतात, कर्मचारी त्यांच्या बॅटरीत पुन्हा जीव आणायचा प्रयत्न करतात, आणि फोन सुरू झाला की त्यातला एक फोटो छापून देतात. गेलेल्या माणसाचा, लहानपणच्या कुत्र्याचा. हे वाचून मला गलबलून आलं आणि लगेच वाटलं, काकूंना असंच काही हवं असेल. म्हणून एक दिवस मीच त्यांना घेऊन गावातल्या एका दुरुस्तीवाल्याकडे गेले.

दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. एक भिंग लावलेला दिवा, सोल्डरिंगचा वास, आणि काचेच्या कपाटात रांगेनं पडलेले दुसऱ्यांचे फोन. प्रत्येकाच्या पाठीवर पांढरी चिकटपट्टी, त्यावर बिघाड लिहिलेला, ‘डिस्प्ले’, ‘चार्जिंग जॅक’, ‘पाण्यात पडला’, आणि शेजारी पेनानं काढलेले नऊ ठिपके, त्यातून बाण काढलेली रेघ. म्हणजे प्रत्येकाचं लॉक. मी ते बघत राहिले. बायकोलाही न सांगितलेली रेघ माणसं इथं पट्टीवर काढून देतात, कारण फोन मेलेला बघवत नाही. दुरुस्तीवाला म्हणाला, लोक पहिला प्रश्न विचारतात तो ‘डेटा राहील ना?’ आणि कॉलेजची पोरं दुकानासमोरच उभी राहतात, घरी जात नाहीत, आत फोन उघडलेला असतो तेवढा वेळ. त्यानं काकूंचा फोन उघडून फुगलेली बॅटरी अलगद काढली. ‘ही घरात ठेवू नका मावशी, पेट घेईल. दुसरी टाकून बघतो. लॉक काय आहे?’

‘लॉक कशाला पायजे?’

‘चालू झाल्यावर बघायला लागंल की सगळं चालतंय का.’

‘चालू झाला की माझ्याकडं दे. मी बघते.’

‘मला काय बघायचंय मावशी त्यात!’

‘मग सांगू कशाला?’ काकू म्हणाल्या. तो हसला, मी हसले, काकू हसल्या नाहीत. दुसरी बॅटरी टाकूनही फोन सुरू झाला नाहीच. बोर्ड गेलाय म्हणाला. काकूंना त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. बॅटरीविना हलका झालेला फोन त्यांनी रुमालात गुंडाळला आणि आम्ही भाजी घेऊन घरी आलो.

आमच्या सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव इथं 2022 च्या स्वातंत्र्यदिनापासून रोज संध्याकाळी सातला भोंगा होऊ लागला आणि साडेआठपर्यंत गावातले टीव्ही, मोबाईल बंद. तेव्हा त्याच्या बातम्या सगळीकडे झळकल्या. मला ती गोष्ट आवडते, कारण भोंगा वाजला की सरपंचाचाही फोन बंद होणार असतो. त्याच वर्षी यवतमाळच्या पुसद तालुक्यात बान्सी गावानं अठराच्या आतल्या मुलांना मोबाईल बंदी केली. आणि त्याआधी, 2016 साली, गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातल्या सूरज नावाच्या गावानं फक्त लग्न न झालेल्या मुलींना मोबाईल बंद केला होता, दंड 2100 रुपये. फोनच्या वेडाबद्दल कुणीही काळजीनं बोलायला लागलं की मी हल्ली एवढंच बघते, आधी कुणाच्या हातातून काढून घ्यायचा बेत आहे. पुरुषाला घराबाहेर कट्टा असतो, पानपट्टी असते, पारावर बसता येतं. फोन ठेवून तो उठून जाऊ शकतो. काकू कुठे जाणार? धुण्याच्या दगडापाशी?

हे सगळं मी छान ठसक्यात लिहितेय, आणि माझी मुलगी बारावीला आहे. तिच्या फोनचं लॉक मला माहीत नाही. रात्री तिच्या खोलीच्या दाराखालून तो निळसर उजेड दिसला की माझ्यातली ती शेंगा फोडणारी आई जागी होते, ‘कुणाचाय?’ अगदी ओठांवर येतं. वर्तमानपत्रात रोज काय काय छापून येतं, फसवणुका, धमक्या, मुलींचे फोटो. भीती खोटी नाही. पण मी मागितलं आणि तिनं दिलं, तर ती ते लॉक दुसऱ्या दिवशी बदलेल, आणि मी तिच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं. सध्या मी दारावर टकटक करून दूध ठेवते आणि येते. हे शहाणपण आहे की पळवाट, मला सांगता येत नाही.

दिवाळीनंतर काकू आपला नवा फोन घेऊन माझ्याकडे आल्या. मुलानं दिलेला, महागाचा, कॅमेरा उत्तम, काच चकचकीत. म्हणाल्या, ‘यातलं एक बोट काढून दे.’ मला कळेना. मग उलगडलं. फोन मुलानंच सुरू करून दिला होता, त्याच्या ईमेलवरून. लॉकला काकूंच्या बोटाचा ठसा घेतला आणि शेजारी स्वतःचाही घातला, ‘मम्मी, कधी तुला काय झालं तर पटकन उघडता यावा.’ रविवारी तो आला की सोफ्यावर बसून सहज काकूंचा फोन घेतो, अंगठा टेकवतो, नको ते फोटो उडवून जागा करून देतो, दोन ग्रुप म्यूट करतो. अगदी प्रेमानं. त्याला त्यात काही गैर वाटत नाही आणि काकूंनाही ते ‘गैर’ म्हणायचं नव्हतंच. त्या एवढंच म्हणाल्या की त्यांनी मागच्या दारी जाणं बंद केलंय, ग्रुपवर आता त्या फक्त शुभ सकाळ टाकतात. ‘जुना बरा होता. चालत नव्हता, पण माझा होता.’

आम्ही सेटिंगमध्ये गेलो. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये पाचेक बोटांची जागा असते. इथं दोन भरलेल्या, बोट 1 आणि बोट 2. कुठलं कुणाचं? काकूंनी अंगठा टेकवला, तो टेकेना, मग सवयीनं जिभेला लावून परत टेकवला, तेव्हा बोट 1 ची ओळ चमकली. बोट 2 वर मी थांबले. काकूंना साखर आहे, मागं एकदा घाम फुटून बसल्या होत्या. मुलाचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. मी त्यांना लॉक न उघडता दिसणारी आपत्कालीन माहितीची जागा दाखवली. तिथं आम्ही त्यांचा रक्तगट, गोळ्यांची नावं आणि मुलाचा नंबर भरला. मुलाचा नंबर सगळ्यात वर, हे त्यांनी आग्रहानं करून घेतलं. मग बोट 2 त्यांनी स्वतः काढलं. फोनने ‘नक्की काढायचं का?’ विचारलं, तर काकू फोनलाच ‘हो’ म्हणाल्या, मोठ्यानं.

पुढच्या रविवारी मुलगा आला. काकू भाकऱ्या थापत होत्या. त्यानं अंगठा टेकवला, पुसून परत टेकवला, स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाला, ‘मम्मी, तुझ्या फोनचं सेन्सर बिघडलंय.’ भाकरी तव्यावर टाकत काकू म्हणाल्या, ‘नाही रे, आत्ताच दुरुस्त झालंय.’